डॉक्टरांपर्यंत आधी फॉर्म पोचतो

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर या पट्ट्यात दुखणं गावच्या डॉक्टरांच्या आवाक्याबाहेर गेलं, की पुष्कळ घरांत पहिलं नाव निघतं ते हैदराबादचं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. अफजलगंजचं उस्मानिया रुग्णालय तेव्हापासून इथल्या लोकांच्या ओळखीचं. पुढे पंजागुट्ट्याचं निम्स, बंजारा हिल्सवरची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, गच्चीबावलीचं एआयजी ही नावंही तोंडी बसली. नांदेडहून हैदराबाद रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची गाडी, पहाटे स्टेशन, रिक्षा, ओपीची चिठ्ठी, नंबर, आणि एवढं झाल्यावर डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटं. शेवटी डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट घेऊन पंधरा दिवसांनी या."

ती पंधरा दिवसांनंतरची खेप आता अनेकदा वाचवता येते. मोठी खासगी रुग्णालयं, काही सरकारी सेवा आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टरसुद्धा ऑनलाइन फॉर्म घेऊ लागले आहेत. फोनवर तक्रार लिहायची, रिपोर्ट जोडायचे, आणि मग डॉक्टर फोन करतात, व्हिडिओवर बोलतात किंवा प्रत्यक्ष बोलावतात. काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी या जुन्या मराठी वस्त्यांतल्या ज्येष्ठांना कुकटपल्ली-माधापूरच्या वाहतुकीतून दवाखाना गाठणं जड जातं. त्यांनाही याचा तेवढाच उपयोग.

पण फॉर्ममध्ये जे लिहिलं नाही, ते डॉक्टरांना दिसत नाही. दवाखान्यात रुग्ण दारातून आत येतानाच डॉक्टरांची नजर त्याच्या चालण्याकडे, श्वासाकडे, चेहऱ्याच्या रंगाकडे जाते. फॉर्म वाचताना यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून फॉर्म भरणं हे कारकुनी काम समजू नये. ती तपासणीची पहिली पायरी आहे, आणि ती रुग्णाच्या हातात आहे.

हैदराबाद आणि दुरून उपचार

दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची कल्पना या शहराला नवी नाही. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन हैदराबादला आले होते. अपोलो रुग्णालयाने चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या खेड्यात उभारलेल्या टेलिमेडिसिन केंद्राचं उद्घाटन त्या भेटीत झालं. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यापाड्यांत दृष्टी केंद्रं उघडली. तिथला प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतो आणि गरज पडली तर शहरातल्या डॉक्टरांचा सल्ला दुरून घेतो.

खरी कसोटी २०२० च्या टाळेबंदीत लागली. गाड्या बंद, ओपी बंद, आणि डोळ्यात औषध घालणारे हजारो रुग्ण घरात अडकलेले. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या चार आठवड्यांत नेत्रसंस्थेने दिलेल्या ७,००८ दूरसल्ल्यांची नोंद तिथल्या डॉक्टरांनी पुढे शोधनिबंधात मांडली. प्रत्येक प्रश्न आधी चाळला जाई. तातडीचं काय, फोनवर भागण्यासारखं काय, कुठल्या तज्ज्ञाकडे पाठवायचं, हे ठरवण्यासाठी त्यांनी चार टप्प्यांची पद्धत बसवली होती. आजच्या बहुतेक फॉर्ममागे अशीच चाळणी असते. कोणी आधी पाठवला यापेक्षा कोणाचं दुखणं तातडीचं आहे हे तिथे पाहिलं जातं, आणि ते कळतं रुग्णाने लिहिलेल्या चार ओळींवरून.

इंग्लंडमध्ये ही पद्धत आता नियमाचाच भाग झाली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा या कामाच्या वेळेत तातडी नसलेल्या तक्रारींसाठी ऑनलाइन फॉर्म खुला ठेवावा लागतो. लंडन-लेस्टरला मुलाबाळांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनाही हा फॉर्म कधीतरी भरावा लागणारच.

हा फॉर्म कशाचा आहे?

सगळे फॉर्म सारखे दिसतात, पण त्यांची कामं वेगळी असतात. पहिला असतो वेळ घेण्याचा. यात विभाग, डॉक्टर आणि तारीख निवडायची; तक्रारीला जागा असली तरी जेमतेम एका ओळीची. एम्ससारख्या अनेक सरकारी रुग्णालयांची वेळ ज्या 'ओआरएस' संकेतस्थळावर मिळते, ते २०१५ पासून हेच काम करतं. अशा फॉर्ममध्ये सविस्तर व्यथा लिहून उत्तराची वाट पाहत बसलं, तर उत्तर येत नाही, कारण तो फॉर्म डॉक्टरांकडे जातच नाही.

दुसरा सल्ल्याचा. इथे तक्रार लिहायची असते, रिपोर्ट जोडायचे असतात, आणि फी भरल्यावर डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर भेटतात. तिसरा फेरतपासणीचा, जुन्या रुग्णांसाठी. यात रुग्णालयाचा यूएचआयडी किंवा एमआर नंबर विचारतात. हा नंबर जुन्या ओपी कार्डावर आणि प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर छापलेला असतो. चौथी नुसती नोंदणी. अनेक सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. तो आपल्या फोनवरच्या आभा अ‍ॅपने किंवा तशाच दुसऱ्या आरोग्य अ‍ॅपने स्कॅन केला, की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. आभा म्हणजे चौदा अंकी आरोग्य खातं. ते काढणं ऐच्छिक आहे.

सरकारी आणि मोफत सल्ला हवा असेल तर 'ई-संजीवनी' आहे. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने तयार केलेली ही सेवा १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या ओपीडी म्हणून चालते. मोबाइल नंबर, ओटीपी, रुग्णाची माहिती, रिपोर्ट, टोकन, रांग, मग व्हिडिओवर डॉक्टर, आणि शेवटी फोनवर उतरवून घेता येणारी चिठ्ठी, असा तिचा क्रम आहे.

नियम काय सांगतो

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. रुग्णाला त्यातल्या तीन-चार गोष्टी ठाऊक असल्या की पुढचे गैरसमज टळतात.

पहिलं म्हणजे, डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष तपासलं असेल, तर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आतला दूरसल्ला 'फेरतपासणी' धरला जातो. सहा महिने उलटले, किंवा दुखणं नवं असलं, तर तो पहिला सल्ला. या दोन्हींत औषधांच्या याद्या वेगळ्या आहेत. साधी, चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं कुठल्याही माध्यमातून सुचवता येतात. पहिल्याच सल्ल्यात त्यापलीकडची काही ठरावीक औषधं लिहायची तर व्हिडिओ लागतो. फेरतपासणीत जुन्या औषधाला जोड म्हणून आणखी काही देता येतात. अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या, कायद्याने निर्बंध घातलेल्या औषधांना मात्र दूरसल्ल्यात मनाई आहे. म्हणून झोपेच्या गोळ्यांसाठी फॉर्म भरल्यावर "प्रत्यक्ष या" असं उत्तर आलं, तर डॉक्टर टाळताहेत असं समजू नये. त्यांचे हात नियमाने बांधलेले असतात.

मराठवाड्यातून येणाऱ्यांनी हा सहा महिन्यांचा हिशेब डायरीत लिहून ठेवावा. जूनमध्ये प्रत्यक्ष दाखवलं असेल तर मधल्या दोन-तीन भेटी दुरून होऊ शकतात, आणि डिसेंबरच्या आत एक खेप हैदराबादची ठेवली की पुढचं चक्र सुरळीत चालतं.

दुसरं, दुरून सल्ला द्यायचा की प्रत्यक्ष बोलवायचं, हा निर्णय डॉक्टरांचा. ते कोणत्याही क्षणी सल्ला थांबवून बोलावू शकतात, आणि रुग्णही थांबू शकतो. तिसरं, सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक रुग्णाला कळलाच पाहिजे. आणि चौथं, यंत्राला परस्पर सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. फॉर्मच्या सुरुवातीला प्रश्न विचारणारा चॅटबॉट माहिती गोळा करू शकतो. गोळी सुचवायची ती डॉक्टरांनीच.

हाताशी काय घेऊन बसावं

फॉर्म उघडल्यावर शोधाशोध सुरू झाली की काही पानं ठरावीक वेळानंतर बंद पडतात आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. म्हणून आधी तयारी करावी. जुनं ओपी कार्ड, शेवटची चिठ्ठी, मागच्या सहा महिन्यांतले रिपोर्ट, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडावीत. "ती पांढरी बीपीची गोळी" असं लिहून काही कळत नाही. पाकिटावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा असतो, तो जसाच्या तसा उतरवावा. काढा, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेडिकलमधून विचारून आणलेली दुखीची गोळी, हे सगळं लिहावं. यातलं काही रक्तदाब वाढवतं, काही मूत्रपिंडावर ताण आणतं, काही डॉक्टरांच्या औषधाशी जुळत नाही.

घरात जी साधनं असतील त्यांची मोजमापं घ्यावीत. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं आणि थोड्या अंतराने दोनदा मोजावं. साखरेच्या आकड्यासोबत तारीख आणि 'उपाशीपोटी' की 'जेवणानंतर दोन तासांनी' हे लिहावं. नुसत्या १८० वरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. ताप मोजलेला असावा, कपाळाला हात लावून ठरवलेला नसावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरसाठी नखाचा रंग काढून टाकावा. मूल आजारी असेल तर वजन लिहायलाच हवं, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर शेवटच्या पाळीची तारीख लिहावी.

तक्रारीचा रकाना

बहुतेक फॉर्म इथेच फसतात. लोक एकतर दोन शब्द लिहितात, नाहीतर दहा वर्षांचा इतिहास. डॉक्टरांना हव्या असतात सहा गोष्टी: मुख्य त्रास कोणता, कधीपासून, शरीरात नेमका कुठे, वाढतो आहे की कमी होतो आहे, कशाने वाढतो किंवा उतरतो, आणि सोबत दुसरं काय होतं. मुख्य त्रास पहिल्या ओळीत यावा. चार तक्रारी असतील तर जी सर्वांत जास्त सतावते ती आधी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. देगलूरच्या बासष्ट वर्षांच्या बाई, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण, हैदराबादच्या एका रुग्णालयाचा फेरतपासणीचा फॉर्म भरताहेत. घाईत लिहिलं तर असं होतं:

"शुगर वाढली आहे, अशक्तपणा आहे, पाय दुखतात, कृपया औषध सांगावे."

तोच फॉर्म नीट लिहिला तर असा:

"वय ६२. मधुमेह ११ वर्षं, रक्तदाब ६ वर्षं. याच विभागात शेवटची तपासणी १४ जूनला. मुख्य त्रास: तीन आठवड्यांपासून रात्री दोन्ही तळपायांना मुंग्या आणि आग, वाढत आहे, झोप मोडते. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चार दिवसांपासून लहान जखम. दुखत नाही, पू नाही, ताप नाही. उपाशीपोटी साखर: सोमवार १६८, बुधवार १८१, शुक्रवार १७४. औषधं: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, टेल्मिसार्टन ४० सकाळी. जूनपासून गावात मिळणारा एक काढा सुरू. सल्फाच्या गोळीने पूर्वी अंगावर पुरळ. विचारायचं आहे: जखमेसाठी प्रत्यक्ष यावं का, आणि किती दिवसांत?"

वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या फॉर्मवर साखरेची गोळी वाढवली जाईल आणि महिन्याने या म्हणतील. दुसरा वाचताना डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदा जाईल ते न दुखणाऱ्या जखमेकडे. मधुमेहात पायाची संवेदना गेली की जखम दुखत नाही, म्हणून घरात तिची कोणी दखल घेत नाही, आणि ती चिघळून पाय धोक्यात येतो. हा फॉर्म बाजूला काढून त्याच दिवशी फोन जाण्याची शक्यता किती तरी जास्त.

शेवटची ओळ प्रश्नाची असावी. काय हवं आहे ते स्पष्ट लिहिलं, की उत्तरही त्यालाच मिळतं: औषध चालू ठेवू का, तपासणी पुन्हा करू का, शस्त्रक्रियेची तारीख पुढे नेता येईल का.

लक्षणं लपवू नयेत. लाज वाटते म्हणून पाळीची, लघवीची, लैंगिक तक्रार 'पोटदुखी'त गुंडाळली, तर फॉर्म चुकीच्या विभागात जातो. दारू, तंबाखू, गुटखा यांबद्दलही खरं लिहावं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि औषधाचं प्रमाण ठरवणाऱ्यांना ते लागतं.

भाषा कोणती?

हैदराबादचे फॉर्म बहुधा इंग्रजीत असतात, काही तेलुगूत किंवा हिंदीत. डॉक्टर तेलुगू, हिंदी, दखनी बोलतात. मराठी समजणारे भेटतात, पण भरवसा नाही. अशा वेळी दुखण्याच्या छटा सांगणारे शब्द मागे ठेवावेत आणि घडलेली गोष्ट पुढे करावी. 'कसंतरी होतं', 'जीव घाबरतो', 'अंगात त्राण नाही' याला दुसऱ्या भाषेत नेताना अर्थ सांडतो. 'एक जिना चढल्यावर थांबावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी तीन जिने चढत असे' हे मोडक्या हिंदीतही नेमकं पोचतं. किती वेळा उलटी, किती पोळ्या जेवण, रात्री किती वेळा लघवीला उठणं, असे आकडे कोणत्याही भाषेत तसेच राहतात.

इंग्रजी येत नसेल तर साध्या हिंदीत लिहावं, किंवा आधी मराठीत कागदावर लिहून घरातल्या कॉलेजच्या मुलामुलीकडून उतरवून घ्यावं. भाषांतराच्या अ‍ॅपवर टाकलं, तर निदान औषधांची नावं, आकडे आणि 'नाही' हा शब्द बदलला नाही ना, हे पाहावं. 'पू नाही' मधलं 'नाही' गळलं तर अर्थच उलटा होतो. फोनवर बोलायची भाषा निवडायची सोय असेल, तर ती आवर्जून निवडावी.

फोटो आणि रिपोर्ट

पुरळ, जखम, सूज यांचा फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढावा. एक फोटो लांबून, म्हणजे शरीराचा कुठला भाग ते कळेल. एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. फोटो सुंदर दिसावा म्हणून चेहऱ्यावर चालवतात तसले फिल्टर बंद असावेत, नाहीतर लालीच नाहीशी होते. खाजगी भागांचा फोटो डॉक्टरांनी मागितल्याशिवाय पाठवू नये.

रिपोर्ट प्रयोगशाळेकडून पीडीएफमध्ये मिळाला असेल तर तोच जोडावा. कागदाचा फोटो काढायचा तर कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा, सावली न पडू देता. नाव आणि तारीख असलेलं पहिलं पान सुटता कामा नये. एक्स-रे आणि सीटीचा फोटो उपयोगाला येईलच असं नाही. त्याचा लेखी अहवाल जोडावा आणि फिल्म किंवा सीडी आपल्याकडे आहे असं लिहावं.

दुसऱ्यासाठी भरताना

हैदराबादला नोकरी करणारा मुलगा आणि नांदेडला असलेली आई, ही जोडी आता घरोघरी आहे. फॉर्म मुलगा भरतो, आणि सवयीने स्वतःचं नाव-वय घालतो. चिठ्ठी मग त्याच्या नावावर निघते आणि मेडिकलवाला औषध देत नाही. नाव, वय, लिंग रुग्णाचंच हवं, तेही ओपी कार्डावर जसं लिहिलंय तसंच. 'भरणारा कोण' आणि 'नातं काय' यासाठी रकाना नसेल तर तक्रारीच्या पहिल्या ओळीतच लिहावं.

फोन नंबर मात्र त्याचा द्यावा जो उचलेल. डॉक्टरांचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. तो उचलला नाही तर फॉर्म बंद केला जाऊ शकतो, आणि फी परत मिळवण्यात वेळ जातो. आई नांदेडला आणि फोन मुलाकडे, अशी स्थिती असेल तर दोघांना एकाच कॉलवर घेता येईल अशी वेळ मागावी. लहान मुलाच्या सल्ल्याच्या वेळी मोठं माणूस सोबत असणं नियमानेच बंधनकारक आहे.

जिथे फॉर्मची वाट पाहायची नाही

छातीत दाबल्यासारखं दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं, बोबडी वळणं, फेफरं, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव, विषबाधा, सर्पदंश, गरोदरपणातला रक्तस्राव, अचानक दिसेनासं होणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप. यातलं काहीही असलं की फॉर्म बंद करून १०८ लावावा. रुग्णवाहिकेची ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतूनच सुरू झाली आणि आज ती तेलंगणात आणि महाराष्ट्रातही मिळते.

पावसाळ्यात हैदराबादमध्ये डेंग्यूची साथ असते, तेव्हा एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्याच एक-दोन दिवसांत धोका वाढतो. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल होणं, ही चिन्हं दिसली की ताप नसला तरी थेट दवाखाना गाठावा. साध्या तापासाठी फॉर्म भरताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेतलं असेल तर ते लिहावं, कारण डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

तातडी मनाची असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास मोफत चालतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा अनेक भारतीय भाषांत आहे, मराठीतही.

पैसे, ओटीपी आणि खोटे नंबर

रुग्णालयाचं नाव शोधल्यावर वर दिसणारा नंबर किंवा फॉर्म खराच असेल असं नाही. मोठ्या रुग्णालयांच्या नावाने खोटी पानं बनवून 'अपॉइंटमेंट पक्की करायला फक्त दहा रुपये भरा' अशी लिंक पाठवण्याचा प्रकार ठिकठिकाणी घडतो. लिंक उघडली की अ‍ॅप उतरवायला सांगतात आणि खात्यातले पैसे जातात. म्हणून फॉर्मचा पत्ता ओपी कार्डावरून किंवा डिस्चार्ज कार्डावरून घ्यावा. फोनवर कोणी ओटीपी मागितला, स्क्रीन दाखवायला सांगितली, की फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

डॉक्टर अनोळखी असतील तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव शोधून पाहता येतं. फॉर्मच्या तळाशी संमतीच्या चौकटी असतात. उपचारासाठीची संमती द्यावी लागते. जाहिराती पाठवण्याची, माहिती इतर कंपन्यांना देण्याची चौकट वेगळी असते, ती रिकामी ठेवली तरी सल्ला मिळतो. झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म भरला असेल तर निघताना लॉग आउट करावं आणि तिथल्या संगणकावर उतरवलेले रिपोर्ट पुसून टाकावेत.

फॉर्म पाठवल्यावर

पावती क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. उत्तर किती वेळात येईल ते पानावर लिहिलेलं असतं. ती वेळ उलटली तर तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरू नये, पावती क्रमांक सांगून फोन करावा. दुबार फॉर्म आला की कधी दोन वेगवेगळे डॉक्टर दोन वेगळी औषधं लिहितात. मधल्या काळात दुखणं वाढलं तर वाट पाहणं सोडून जवळचा दवाखाना गाठावा. हैदराबादमध्ये २०१८ पासून वस्त्यावस्त्यांत बस्ती दवाखाने सुरू झाले आहेत. तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

डॉक्टरांशी बोलताना वही-पेन हातात असावं. फोन ठेवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: हे काय असावं, औषध किती दिवस घ्यायचं, काय झालं तर लगेच यायचं, आणि पुन्हा कधी बोलायचं. चिठ्ठी आली की त्यावर रुग्णाचं नाव-वय, तारीख, डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही आहे ना, ते पाहावं. यातलं काही नसेल तर लगेच दुरुस्त करून मागावं, कारण नोंदणी क्रमांक नसलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात आणि विम्याच्या दाव्यात अडते. ही चिठ्ठी, भरलेला फॉर्म आणि पावती एकाच फोल्डरमध्ये रुग्णाच्या नावाने ठेवली, की पुढच्या फॉर्मचं निम्मं काम झालेलं असतं.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा घरात भरून देणारं कोणी नाही? त्यांनी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारावं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर तपासून ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी जोडून देतात, रुग्णाची माहितीही तेच भरतात. जाताना जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं आणि मोबाइल नंबर लिहिलेला कागद न्यावा, आणि हैदराबादच्या रुग्णालयाचं ओपी कार्ड असेल तर तेही.